पासोडीखालचा हात

प्रिय तारा आणि नोएल,

तुम्ही तैपेईहून पाठवलेला रात्रीच्या बाजाराचा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. आधी तुम्हाला पाहण्यासाठी, मग त्या काडीला टोचलेल्या तळणाच्या पदार्थांसाठी, आणि नंतर फक्त त्या टेबलासाठी. एवढी गर्दी, माणसाला माणूस घासून चाललेला, आणि मध्येच एक टेबल. त्यावर फळं, भाताची वाटी, पेटलेल्या उदबत्त्या. समोर कोणी नाही. लोक त्या टेबलाला वळसा घालून जातात, पण त्याच्याकडे बघत नाहीत. मग ताराचा आवाज येतो, "आजी, इथे सातव्या महिन्यात न दिसणारे पाहुणे येतात म्हणे. हे त्यांच्यासाठी. आपल्याकडे असा बाजार होता का?"

मी फोनवर "होता, सावकाश सांगते" म्हणाले आणि विषय बदलला. पण त्याच आठवड्यात आमच्या केडगावच्या दूधवाल्याने सहज सांगितलं की घोडेगावच्या अलीकडच्या माळावर आता फरशी टाकताहेत, गाड्या लावायला. म्हणून आता सांगते. हे मी तुम्हाला इंग्रजीत लिहू शकले असते. आयुष्यभर मुलांना इंग्रजीच शिकवलं. पण यातलं कोणीही इंग्रजीत बोललं नव्हतं, आणि माझ्या आईच्या तोंडी मला परकी वाक्यं घालायची नाहीत. अडेल तिथे तुमच्या बाबाला विचारा.

घोडेगावला गुराढोरांचा मोठा बाजार भरतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो दिवसाचा. मी सांगते आहे तो त्याच्या आदल्या रात्रीचा. माझे वडील तेव्हा त्या माळाजवळच्या गावात शाळामास्तर होते आणि आम्हाला शाळेला लागूनच दोन खोल्या होत्या. सूर्य मावळला की माळ नुसता माळ असायचा, कुसळं आणि दगड. मग अंधार घट्ट व्हायचा आणि दक्षिणेकडून घुंगरं ऐकू यायची. आधी फार लांबून, वाटावं आपल्याच कानात वाजताहेत. मग गळ्यातल्या मोठ्या घंटांचा जड आवाज, खुरांचा आवाज, बैल हाकणाऱ्या हाकाऱ्यांच्या जिभेचं टक्-टक्. पाथर्डीकडून, शेवगावकडून, पार कर्जतकडून माणसं बैल घेऊन चालत यायची, रात्री चालून दिवसा झाडाखाली पडायची. ती माळावर आली की एकेक ठिणगी दिसू लागायची. शेणी पेटायच्या. त्यांचा धूर वर न जाता गुडघ्याएवढ्या उंचीवर पसरून राहायचा, त्यामुळे बैल पाय नसल्यासारखे तरंगत यायचे.

बाजाराचा वास मला अजून नीट वेगवेगळा करता येतो. ओल्या अंबाडीच्या दोरांचा, नव्या वेसणींचा, तापलेल्या नालाचा, कारण नालबंद तिथेच खिळे ठोकत बसलेला असायचा. कार्बाइडच्या दिव्याचा तो कुजकट लसणासारखा वास. एका टोकाला मोठ्या कढईत शेव पडत असे आणि तिच्यावर गुळाचा पाक. गरम गोडीशेव कागदात घेतली की कागदाचं तेल तळव्याला लागायचं. आणि या सगळ्याच्या खाली, जनावरांच्या श्वासाची ऊब.

पण चेहरे आठवत नाहीत. दिवे जमिनीवर ठेवलेले असायचे, उजेड कमरेच्या वर फारसा चढत नसे. थंडीत माणसं डोक्यावरून घोंगडी घेऊन बसायची. त्या बाजारातले मला हात आठवतात. दोर मोजणारे हात, शिंगांना लाल हिंगूळ लावणारे, बैलाचा जबडा उघडून दात बघणारे, आणि रुमालाखाली गेलेले. गुरांचा सौदा बोलून होत नसे. घेणारा आणि विकणारा एकमेकांचे हात रुमालाखाली धरायचे आणि बोटं दाबून बोलायचे. वर दोघांचेही चेहरे मख्ख, एखादा आकाशाकडे बघतोय, आणि खाली कापड हलतंय. लहानपणी मला वाटायचं कापडाखाली एखादं जनावर आहे.

या बाजाराचा एक कायदा होता. दिवा लागल्यापासून उजाडेपर्यंत कोणाचंही नाव घ्यायचं नाही. ज्याला त्याला त्याच्या गावाने हाक मारायची.

"ओ शेवगाव, ह्यो बैल लंगडतोय का लाजतोय?"

"लाजतोय. तुमचं त्वांड बघून."

"मंग माजं त्वांड झाकतो. त्याचं पाय कुनी झाकायचं?"

असं चालायचं. हसणारे दिसायचे नाहीत, फक्त घोंगडी हलायची. आम्ही गावातलेच, म्हणून आम्हाला गावाचं नाव चालत नसे. नालबंदाला "ऐरण" म्हणत, शेववाल्याला "कढई", आणि माझ्या आईला "शाळा". "आली का शाळा? बसा, शाळा." आई पदर डोक्यावर घेऊन बसायची आणि मी तिच्या मांडीला टेकून.

आम्ही बसायचो ते दोर विकणाऱ्या म्हातारीजवळ. ती नेवाशाची, म्हणून रात्री तिचं नाव नेवासं. तिच्या गळ्याभोवती, खांद्यांवर, मांडीवर कासरे आणि दावी अशी असत की त्यातून तिचे फक्त हात आणि विडीचा लाल ठिपका बाहेर यायचा. मी तिला एकदा विचारलं होतं, नाव का घ्यायचं नाही. ती म्हणाली, "नाव घेतलं की ज्याचं हाय त्योच वळून बघंल असं न्हाई, पोरी. त्याच नावाचं आनिक कुनी आसतंय."

बाजार कसा सुरू झाला, हे मात्र मी वडिलांना आणि तिला, दोघांना विचारलं होतं. माझ्या वडिलांनी फळ्यावर लिहावं तसं सांगितलं. उन्हात गुरं चालवत नाहीत, म्हणून ती रात्री चालतात. माळाच्या पायथ्याला झरा आहे, म्हणून ती इथे थांबतात. थांबलेल्या माणसाला भूक लागते, म्हणून कोणी चूल मांडली. चुलीपाशी उजेड होता, म्हणून दोरवाली आली, मग नालबंद, मग शेव. "जगातले सगळे रात्रीचे बाजार असेच जन्मले असणार," ते म्हणाले. तुमचा व्हिडिओ आल्यावर मी शोधून वाचलं, आणि ते फार चुकले नव्हते. उन्हाचे देश, वाटसरू, घाट, चूल, दिवा. चीनमध्ये पूर्वी उजाडण्याआधी भरून उजाडताच उठणारे बाजार होते, त्यांना लोक भुतांचा बाजार म्हणत, असंही वाचलं. ते वडिलांना आवडलं नसतं.

म्हातारी वेगळंच म्हणाली. "आमी न्हाई भरवला ह्यो बाजार. आमी आलो तवा भरलेलाच हुता."

"कोणी भरवला होता?"

"माजी आजी सांगायची. लई मोठा दुस्काळ हुता. मानसं गुरं घिऊन चाऱ्याला निघाली आन् माळावर बसली ती उठलीच न्हाई. पुढं पाऊसपानी झालं. लोक ह्या वाटंनं जायला लागलं, तर राती हितं घुंगरं वाजायची. घासाघीस ऐकू यायची. दिवा लावला की कुनी न्हाई. दिवा घालवला की परत सुरू." तिने दोराला पीळ दिला. "मंग आपली मानसं कडंकडंनं बसाया लागली. त्येंची जागा त्येंना सोडून."

ती जागा होती. बाजाराच्या मधोमध, एखादी बैलजोडी बसेल एवढी. एवढ्या दाटीत तिथे कोणी पाय टाकत नसे. तिथे एक जुनी पासोडी पसरलेली असायची, दुहेरी सुती, धुवून धुवून करडी झालेली, आणि उशाशी रॉकेलची एक चिमणी जळत ठेवलेली. बाजार सुरू होण्याआधी प्रत्येक जण तिथे जाई, वाकून उजवा हात पासोडीखाली घाली, तळवा वर करून, आणि लगेच काढून घेई. याला पहिला हात म्हणत. जे आधी बसले त्यांच्याशी पहिला सौदा. त्याशिवाय कोणी आपला रुमाल काढत नसे. हात ठेवायचा, मागायचं काही नाही आणि थांबायचं नाही.

आमच्या घरातलं कोणी हे करत नसे. आम्ही ख्रिस्ती, त्यात मास्तरांचं घर, रविवारी वडील स्वतः शास्त्रपाठ वाचायचे. आई फक्त बसायची. बसण्याचं कारण ती कधी दावं घ्यायचंय असं सांगे, कधी गोडीशेव. खरं कारण गावाला ठाऊक होतं.

तिला एकच धाकटा भाऊ होता, माझा शांतवनमामा. कर्जतकडचा. मी त्याला पाहिलेलं मला आठवतं की इतरांनी सांगितलेलं आठवतं, हे आता मला सांगता येत नाही. उंच, गळ्यात मफलर, आणि उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं. कडबा तोडताना कुऱ्हाडीखाली गेलेलं. एका कोरड्या वर्षी तो बैलजोडी घेऊन घोडेगावच्या बाजाराला निघाला. बाजारात पोचला नाही. घरीही आला नाही. बैलही नाहीत. कोणी म्हणे मुंबईला दिसला, कोणी म्हणे दुसरा संसार थाटला. दरवेळी सांगणाऱ्याने तो स्वतः पाहिलेला नसे.

त्यानंतर आजी, म्हणजे आईची आई, आमच्याकडे राहायला आली. खिडकीखालच्या बाजेवर ती असायची. तिचं जेवण कमी होत गेलं, मग बोलणं, आणि शेवटी तिच्यापाशी एकच प्रश्न उरला. आम्ही रात्री माळावरून परत आलो की अंधारातून तिचा आवाज येई, "कर्जत आलं का?"

हाच प्रश्न आई तिथे विचारत असे. नाव घ्यायचं नाही, म्हणून तेवढाच विचारता येत होता. घुंगरांचा नवा आवाज आला की ती ताठ व्हायची आणि म्हातारीला हळूच म्हणायची, "कर्जत आलं का?"

म्हातारी विडी ओढायची. "कर्जत आलं, शाळा. तुजं कर्जत न्हाई आलं."

आजीला मरता येत नव्हतं, असं आमच्या गावचे लोक म्हणायचे. मला ते तेव्हा भयंकर वाटायचं. आता मी तिच्या वयाची आहे आणि मला कळतं त्यांना काय म्हणायचं होतं. ती शांतवनसाठी ताट वाढून घ्यायची आणि झाकून ठेवायची, सकाळी ते कोंबड्यांना जायचं. वडिलांनी सुचवलं की शांतवनच्या नावाने स्मरणाची प्रार्थना ठेवू, तिचा जीव मोकळा होईल. आई त्यांच्यावर कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी म्हणाली, "अहो, जिवंत असला तर? तुम्ही प्रार्थना करून माझ्या भावाला मारणार का?" आजी बाजेवरून दोघांकडे बघत होती. तिला दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. फक्त कोणी तरी तिला नक्की सांगायला हवं होतं, आणि ते आणायचं काम तिने आईवर टाकलं होतं.

पौषातली ती रात्र होती. दुपारी आजीने पाणीही नको म्हटलं होतं. संध्याकाळी तिने आईला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "आज विचारून ये." कोणाला, ते बोलली नाही.

माळावर धूर इतका खाली होता की दिवे पाण्यात ठेवल्यासारखे दिसत होते. हाकारे आले, बैल बांधले गेले, आणि लोक एकेक करून पासोडीकडे जाऊन येऊ लागले. वाकायचे, हात घालायचे, काढायचे. आई बघत होती. सगळ्यांचं झाल्यावर ती उठली.

"कुटं?" म्हातारी म्हणाली.

"पहिला हात."

"तुमच्यात चालतं का?"

"नाही चालत."

"मास्तर इचारतील."

"त्यांना मी सांगीन." मग मला म्हणाली, "तू नेवाशापाशी बस." मी बसले नाही. तिच्या पदराचं टोक धरून मागे गेले.

पासोडीच्या अलीकडे आई गुडघ्यांवर बसली. पलीकडे चिमणी जळत होती आणि तिच्या पलीकडे मोकळी जमीन, हे मला स्वच्छ आठवतं, कारण मी आईकडे बघायला भीत होते आणि म्हणून त्या चिमणीकडे बघत होते. आईने उजवा हात कोपरापर्यंत आत घातला.

आणि काढला नाही.

आधी जवळच्या माणसांचं बोलणं थांबलं. कोणी तरी खाकरलं. "शाळा, हात काढा," कढईजवळून आवाज आला. आईची पाठ सरळ झाली. मग त्या बाजारात कोणी कधी केलं नव्हतं ते तिने केलं. ती मोठ्याने नाही, पण स्पष्ट म्हणाली, "शांतवन."

बैल रवंथ करत असतात तेव्हा त्यांची घुंगरं बारीक वाजत राहतात. इतका वेळ ती वाजत होती हे मला ती थांबल्यावर कळलं. सगळ्या माळावरची थांबली. शेवेचं तेल तेवढं चुरचुरत होतं.

मग पासोडी हलली. वारा नव्हता. आईच्या हातापासून जराशी पुढे, कापडाखाली काही तरी उंच झालं, जसं रुमालाखाली दोन हात भेटल्यावर होतं तसं. आईचा श्वास आत गेला. ती कोणाकडे बघत नव्हती, सौदा करणारे बघतात तशी वर आकाशाकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. नंतर तिच्या खांद्याला एक झटका बसला, हात कोणी सोडल्यावर बसतो तसा. तिने हात बाहेर काढला आणि पदरात गुंडाळून घेतला.

घुंगरं पुन्हा वाजायला लागली. म्हातारी वाटेत आडवी आली आणि एवढंच म्हणाली, "उजाडस्तवर हात धुऊ नगं. पान्याला लावू नगं." आईने मान हलवली. घरी येताना तिने मला डाव्या हाताने धरलं होतं. मी एकदा, फक्त एकदा, पदरावरून उजव्या हाताला हात लावला. विहिरीतल्या दगडाला हात लागतो तसा लागला.

दार उघडल्यावर अंधारातून आवाज आला.

"कर्जत आलं का?"

"आलं होतं," आई म्हणाली. ती बाजेच्या कडेला बसली. "मी विचारलं, घरी येतोस का. त्याने अंगठा दाबला."

हे तुम्हाला सांगायला हवं. लहानपणी मामाला सौद्याचा फार नाद होता. आईच्या परकराखाली हात धरून तो तिच्याशी तोच खेळ खेळायचा. त्यांच्या खेळात करंगळी दाबली की हो. अंगठा दाबला की नाही. हे त्या दोघांशिवाय आणि आजीशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मला तरी त्याच रात्री कळलं.

आजी बाजेवर आईकडे वळली. मग म्हणाली, "कोणत्या हातानं?"

"उजव्या."

"मधलं बोट?"

"अर्धं."

"गार होता?"

आजीने हात पुढे केला, आईने पदरातला हात बाहेर काढून तिच्या हातात दिला, आणि आजी तो दोन्ही हातांत धरून झोपली. आई तशीच, वाकून, उजाडेपर्यंत बसून राहिली. वडील दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सकाळी आईने हात धुतले, चूल पेटवली आणि त्यांना म्हणाली, "रविवारी प्रार्थना ठेवा."

पुष्कळ वर्षांनी, मी शिकवायला लागल्यावर, वडील मला एकदा म्हणाले की पासोडी मोठी होती, दुसऱ्या बाजूने कोणी हाकाऱ्याने उशिरा पहिला हात घातला असेल, आणि गुरांमध्ये वावरणाऱ्यांची बोटं तुटलेली असतातच. हे बरोबर असू शकतं. मी तुम्हाला दोन्ही सांगते. फक्त पलीकडे चिमणी होती आणि तिच्या उजेडात कोणी नव्हतं, एवढं माझ्याकडून लिहून ठेवते.

रविवारी प्रार्थना झाली. आजी भिंतीला टेकून बसली होती. शांतवनचं नाव घेतलं गेलं तेव्हा सगळ्यांबरोबर तीही आमेन म्हणाली, आणि घरी येऊन तिने वाढलेलं ताट स्वतः जेवली. ज्वारी काढणीला यायच्या आत ती गेली. झोपेत, काही न विचारता.

आई त्यानंतर माळावर कधी गेली नाही. मी गोडीशेवेसाठी हट्ट करायची, तर वडील घेऊन येत. खिडकीतून रात्री घुंगरं ऐकू आली की आई हातातलं काम पुरं करायची आणि मग दिवा मोठा करायची. इतकंच.

पुढे काय झालं ते तुम्हाला अंदाजाने कळेल. रस्ता रुंद झाला, टेम्पो आले, बैल चालत यायचे बंद झाले. टेम्पोत उभा बैल घुंगरं वाजवत नाही. चालणारे नाहीत तर थांबणारे नाहीत, थांबणारे नाहीत तर चूल नाही. माझ्या वडिलांनी फळ्यावर मांडलं असतं तर हे गणित उलट्या बाजूनेही सुटलं असतं. मी नोकरीला लागले, लग्न झालं, तुमचा बाबा झाला, आणि त्या माळावरून एसटीने कित्येकदा गेले. खिडकीतून बघितलं नाही असं नाही. दिवसाउजेडी तो नुसता माळ होता.

गेल्या आठवड्यात मात्र ठरवून गेले. केडगावचा ओळखीचा गाडीवाला घेतला. आम्हाला निघायलाच उशीर झाला आणि पोचलो तेव्हा दिवे लागले होते. उंच खांबांवरचे पांढरे दिवे, सावली पडू न देणारे. माळावर बहुतेक सगळीकडे राखाडी फरशी बसली होती. कडेला टेम्पो लागले होते, दुसऱ्या दिवशीच्या बाजाराचे, आत गाई उभ्या. भेळेची गाडी, मोबाईलच्या कव्हरांची गाडी, आणि एका ताडपत्रीखाली चहाचं दुकान. दुकानातली बाई चाळिशीची असेल. मी खुर्ची मागितली.

"कुठून आलात, आजी?"

"केडगाव."

ती चहा गाळत होती. तेवढ्यात टेम्पोतून दोघं तिघं उतरले आणि तिने मान वर न करता हाक दिली, "ओ पाथर्डी, साखर कमी ना?"

मी खुर्ची तिच्याकडे सरकवली. मी विचारलं, "तू यांना नावाने का नाही हाक मारत?"

"रोजची मानसं न्हाईत, आजी. नाव कुठं म्हाईत ऱ्हातंय." मग म्हणाली, "आन् सासूबाईंनी सांगितलंय, हितं दिवं लागल्यावर नाव घ्यायचं न्हाई. तशी सवयच पडली."

"का घ्यायचं नाही?"

"ते न्हाई सांगितलं."

चहा झाल्यावर मी काठी घेऊन फरशीवरून चालत निघाले. मला अंतर आठवत नव्हतं, दिशाही नाही. घुंगरं कुठून यायची ते आठवत होतं, म्हणून बैल यायचे तशी दक्षिणेकडे पाठ केली आणि चालले. मागून त्या बाईची हाक आली.

"ओ केडगाव, पुढं नका जाऊ. तिथं लादी न्हाई."

त्या हाकेने मी जागच्या जागी उभी राहिले. समोर, सगळ्या फरशीच्या मधोमध, मातीचा एक चौकोन होता. एखादी बैलजोडी बसेल एवढा. फरशीच्या कडा त्याच्याभोवती नीट सिमेंटने बंद केल्या होत्या. लादी बसवणारा एक माणूस तिथेच अवजारं गोळा करत होता. मी त्याला विचारलं, एवढा भाग का सोडला.

"तिथं बसत न्हाई, मावशी. दोनदा बसवली. सकाळी येऊन बघतो तर उचकटलेली. खालून फुगतीय."

"पाणी असेल. जवळ झरा होता."

"खनून बघितलं ना. कोरडीठाक हाय." त्याने थापी फडक्याला पुसली. "सायेब म्हनले, सोडून द्या, गाड्या कडंनं लावतील. लावत्यात बी कडंनंच. कुनी सांगितलं नसताना."

तो गेल्यावर मी थोडा वेळ तिथे उभी राहिले. तुम्ही विचाराल म्हणून सांगते, मी हात घातला नाही. घालायला पासोडी नव्हती आणि आता माझे गुडघे वाकत नाहीत. शिवाय मला विचारायचं असं कोणी नाही. आहेत, पण त्यांचं उत्तर मला माहीत आहे. नाव मी कोणाचं घेतलं नाही. टेम्पोतली एक गाय मान झटकत होती आणि तिच्या गळ्यातलं एकच घुंगरू वाजत होतं.

पुढच्या वेळी तुम्ही त्या टेबलाशेजारून जाल तेव्हा इतरांसारखा वळसा घालून जा. फोटो काढलात तरी चालेल, टेबलाला हात लावू नका.

आता काय उरलं आहे ते लिहिते. पासोडी गेली. चिमणी गेली. झरा बुजला. आईचा एक हात आणि आजीचे दोन्ही, तिन्ही मातीत आहेत. अंधार पडल्यावर तिथे अजूनही माणसाला त्याच्या गावाने हाक मारतात. आणि मातीचा तो चौकोन मोकळा आहे.

तुमची,
आजी